१०६ मीटर लांबीची वायुनौका
(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि तीही जेवणानंतरची. आमरस-पुरी झाल्यावर बर्फाबद्दल ऐकायचं म्हणजे तुमच्यावर अन्यायच आहे. डुलकी लागली तर खुशाल घ्या. नववीत मी भूगोलाच्या तासाला घ्यायची, बाई समोर बसल्या आहेत, त्यांना माहीत आहे.

आधी एक दुरुस्ती. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'आपली वर्गभगिनी उत्तर ध्रुवावर' असं फिरलं आणि पाठोपाठ चाळीस गुलाबाची फुलं आली. मी ध्रुवावर गेले नाही. नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्ड नावाची बेटं आहेत, तिथे गेले होते. मी होते साधारण ७९ अक्षांशावर. तिथून ध्रुव अजून बाराशे किलोमीटर. म्हणजे इथून दिल्लीला निघालेल्या माणसाने इंदूरच्या थोडं पुढे उतरावं आणि दिल्ली पाहिली म्हणून सांगावं, तसं आहे. फुलं परत करत नाही, पण नोंद असावी.

दुसरा प्रश्न बहुतेकांनी फोनवर विचारला, की तू तिथे नेमकं काय केलंस? चित्र काढलंस का? नाही. पुतळा? नाही. मग? मी जे करते त्याला संकल्पनात्मक कला म्हणतात. वस्तू बनवण्यापेक्षा एक कल्पना मांडायची, आणि ती बघणाऱ्याच्या डोक्यात पुरी व्हावी एवढीच व्यवस्था करायची. इंग्लंडचा रिचर्ड लाँग १९६७ साली एका गवताळ रानात सरळ रेषेत जा-ये करत राहिला, गवत दबून रेघ उमटली, तिचा फोटो काढला. झालं काम. आज ते काम जगभरच्या कलेच्या पुस्तकांत आहे. आपल्याकडे शेताच्या बांधावर अशा पायवाटा रोज पडतात, पण त्यांना पुस्तकात घेत नाहीत, हा तुमचा आक्षेप मला आधीच पोचलेला आहे आणि तो मला मान्य आहे.

माझी कल्पना वायुनौकेची होती. वायुनौका म्हणजे झेपेलिनसारखं, हवेपेक्षा हलका वायू भरलेलं, इंजिनं लावलेलं लांबट जहाज. हायड्रोजन हवेपेक्षा इतका हलका, की एक घनमीटर हायड्रोजन साधारण एक किलोभर वजन उचलतो. म्हणून ही जहाजं अवाढव्य असत आणि त्यात माणसांना जागा मात्र चिमूटभर. बाकी सगळं पोट वायूचं.

अशी एक वायुनौका १९२६ साली स्वालबार्डवरून ध्रुवापलीकडे गेली. तिचं नाव 'नॉर्गे', म्हणजे नॉर्वे. लांबी १०६ मीटर, पोटात सुमारे १९ हजार घनमीटर हायड्रोजन, तीन इंजिनं, सोळा माणसं आणि टिटिना नावाची एक कुत्री. मोहिमेचा प्रमुख रोआल अमुंडसेन, दक्षिण ध्रुवावर पहिल्यांदा पोचलेला तोच. पैसा घातला लिंकन एल्सवर्थ या अमेरिकन माणसाने. आणि जहाज बांधलं आणि चालवलं इटलीच्या उंबेर्तो नोबिले या इंजिनिअरने. टिटिना त्याचीच.

११ मे १९२६ ला सकाळी ते न्यु-ऑलेसुंड या खाणवस्तीतून निघाले. मध्यरात्र उलटली, १२ मे उजाडली, म्हणजे 'उजाडली' तारखेपुरतीच, कारण त्या दिवसांत तिथे सूर्य मावळतच नाही. १२ मे हा एल्सवर्थचा वाढदिवस. तो साजरा झाला आणि थोड्याच वेळात ध्रुव आला. जहाज खाली घेऊन तीन झेंडे टाकले, नॉर्वेचा, अमेरिकेचा, इटलीचा. मग पुढे अलास्काच्या दिशेने. मला यातला ध्रुवाचा भाग तितका वाटत नाही, पुढचा वाटतो. ध्रुव आणि अलास्का यांच्या मधला भाग तोवर नकाशावर कोरा होता. तिथे मोठी जमीन असणार असं बऱ्याच जाणकारांचं मत होतं. हे लोक धुक्यातून, बर्फाच्या चिपा प्रोपेलरवरून उडून कापडाला भोकं पाडताहेत अशा अवस्थेत त्या कोऱ्या भागावरून गेले, आणि जिथे जिथे खाली दिसलं तिथे जमीन नव्हती. नुसता गोठलेला समुद्र. सत्तरेक तास उडून ते अलास्कात टेलर नावाच्या लहानशा वस्तीत उतरले. तिथे काहीच नाही, हे कळायला सोळा माणसांनी जीव धोक्यात घातला. मला हे फार मोठं वाटतं. 'आहे' हे सिद्ध करायला कोणीही जाईल.

उतरल्यावर भांडणं सुरू झाली. मोहीम कोणाची? नेतृत्व करणाऱ्याची, की जहाज बांधणाऱ्याची? अमुंडसेनने पुढच्याच वर्षी आत्मचरित्र काढलं आणि त्यात नोबिलेवर पानंच्या पानं लिहिली. नोबिलेने टाकलेला इटलीचा झेंडा आमच्या झेंड्यांपेक्षा मोठा होता. वजन कमी ठेवायचं म्हणून आम्ही साधे कपडे नेले आणि या इटालियन मंडळींनी लष्करी गणवेश लपवून आणले. वाचताना हसू येतं. दहावीच्या निरोप समारंभाला हार कोणाचा मोठा यावरून आपल्यात जे झालं होतं, तेच. फक्त इथे जगातली मोठी माणसं.

माझी मूळ योजना अशी होती, की 'नॉर्गे' तिच्या पूर्ण आकारात त्याच आकाशात पुन्हा उभी करायची. हायड्रोजन नाही, इंजिन नाही. पातळ काळं प्लास्टिक, उन्हाने आतली हवा तापेल आणि ते आपसूक वर जाईल. ही गोष्ट अशक्य नाही. तोमास सारासेनो नावाचा अर्जेंटिनाचा कलावंत आहे. त्याच्या अशाच, केवळ उन्हावर चालणाऱ्या फुग्यातून जानेवारी २०२० मध्ये अर्जेंटिनातल्या मिठागरांवरून एक वैमानिक बाई उडाली. मी हिशेब असा केला की आर्क्टिकच्या उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, तर माझा फुगाही उतरणार नाही. शिडाच्या जहाजावरून कलावंतांना स्वालबार्डभोवती नेतात, अशा एका सफरीसाठी मी हा प्रस्ताव पाठवला. निवड झाली. आनंदाने पेढे वाटले. मग पत्र नीट वाचलं तर सफर ऑक्टोबरची. ऑक्टोबरात तिथे सूर्य क्षितिजावर डोकं काढतो, थोडा वेळ सरपटतो आणि जातो. त्या उन्हात माझा फुगा तर सोडाच, पापडसुद्धा वाळला नसता.

तरी गेले. ज्यांनी वर्गणी दिली त्यांची नावं मागच्या फलकावर लावली आहेत. तिघांनी नाव लावू नका म्हणून सांगितलंय, त्यांना इथूनच नमस्कार.

जहाजावर आम्हाला सांभाळायला मार्गदर्शक होत्या. पांढऱ्या अस्वलांमुळे त्यांच्या खांद्यावर बंदूक. किनाऱ्यावर उतरायचं तर त्या पुढे. त्यातल्या एका बाईंना मी माझी योजना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि नियम सांगितले. इथे काही मागे ठेवायचं नाही. इथून काही न्यायचं नाही. १९४६ च्या आधीची कुठलीही वस्तू, मग तो गंजलेला खिळा असो, वारसा म्हणून राखलेली आहे, तिला हात लावायचा नाही. आणि काही उडवायचं तर अजिबातच नाही. न्यु-ऑलेसुंडला तर मोबाइलचं वायफायसुद्धा बंद ठेवावं लागतं, कारण तिथल्या मोठ्या अँटेना अंतराळातून येणारे अतिक्षीण रेडिओ संकेत टिपत असतात. वीस किलोमीटरच्या परिसरात शांतता. मी विचारलं, मग रंग? नाही. रांगोळी? त्यांना रांगोळी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. नाही. चालणं? त्या म्हणाल्या, चालायला हरकत नाही, बर्फावर.

मग तेच केलं.

पण त्याआधी न्यु-ऑलेसुंडबद्दल सांगते. खाण कधीच बंद झाली, आता ते गाव वेगवेगळ्या देशांच्या संशोधन केंद्रांचं आहे. त्यात आपलं 'हिमाद्री' आहे, १ जुलै २००८ ला सुरू झालेलं. ते चालवतं आपल्या गोव्यातलं, वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र. मी गेले तेव्हा दाराला कुलूप होतं. दहा मिनिटं पायरीजवळ उगाच उभी राहिले. चिनी केंद्राच्या दाराशी दोन दगडी सिंह होते, त्यांच्यासोबत सगळे फोटो काढत होते.

गावाच्या कडेला एक लोखंडी मनोरा आहे. 'नॉर्गे'ला बांधून ठेवायला उभारलेला. शंभर वर्षं होत आली, तसाच आहे. शेजारी जहाज ठेवायला लाकूड आणि कापडाचा प्रचंड मांडव होता, त्याला छप्पर नव्हतं, नुसत्या भिंती, वारा अडवायला. तो आता नाही. मनोऱ्याखाली उभं राहून वर बघितलं. त्याच्या टोकाला एकदा १०६ मीटरचं जहाज अडकवलेलं होतं, आणि आता त्या जागी फक्त आकाश. राखाडी, कमी उंचीवर आलेलं, आपल्याकडे आषाढात असतं तसं, पण कोरडं.

याच मनोऱ्याच्या गावातून दोन वर्षांनी, मे १९२८ मध्ये, नोबिले पुन्हा निघाला. या वेळी सगळं त्याचं, जहाजाचं नावही 'इतालिया'. २४ मेला ध्रुवावर पोचले. परतताना २५ मेला जहाज बर्फावर आदळलं. खालची केबिन फाटून वेगळी झाली आणि दहा जण बर्फावर पडले. त्यातला एक जण लगेच गेला. वजन एकदम कमी झाल्यामुळे उरलेलं जहाज पुन्हा वर उचललं गेलं, आत सहा माणसं तशीच. त्यांच्यातला मुख्य मेकॅनिक अर्दुइनो होता. जहाज वर जात असताना, स्वतः वाऱ्याच्या हाती गेलेला असताना, त्याने हाताला येईल ते सामान खाली टाकलं. खालच्यांना पुढे जे अन्न आणि साहित्य मिळालं, त्यातलं बरंचसं त्याच्या हातचं. ते जहाज आणि ती सहा माणसं नंतर कधीही सापडली नाहीत.

खालच्यांकडे एक छोटा रेडिओ होता. तंबूला त्यांनी लाल पट्टे रंगवले. उंची मोजायला वरून टाकायचे काचेचे गोळे असत, त्यांत लाल रंग भरलेला असे, तो वापरला. रेडिओवाला बियाजी रोज हाक देत होता. जवळच्या मदतजहाजाला ती ऐकू येईना. ३ जूनला ती ऐकली रशियातल्या एका लांबच्या खेड्यात, निकोलाय श्मिट नावाच्या हौशी तरुणाने, स्वतः जोडलेल्या रेडिओवर.

आणि अमुंडसेन? अपघाताची बातमी आली तेव्हा दोघांचं तोंड बघणं बंद होतं, आणि अख्ख्या जगाने ते पुस्तक वाचलेलं होतं. शोधाला जाल का असं विचारल्यावर तो लगेच तयार झाला. १८ जून १९२८ ला ट्रोम्सोहून सागरी विमानाने आणखी पाच जणांसह निघाला आणि गेला तो गेलाच. ऑगस्टअखेर विमानाचा एक तरंगणारा भाग समुद्रात मिळाला. माणसं नाही मिळाली.

नोबिले वाचला. पण कसा? स्वीडनचा वैमानिक लुंडबोर्ग बर्फावर उतरला, विमानात एकाचीच जागा होती. नोबिले जखमी होता. वैमानिकाचा आग्रह असा, की आधी कप्तानालाच नेणार. नोबिले बसला, टिटिनाला घेऊन. दुसऱ्या खेपेला विमान उलटलं, आणि बाकीचे १२ जुलैपर्यंत बर्फावर राहिले, रशियाचं 'क्रासिन' हे बर्फफोडं जहाज येईपर्यंत. कप्तान सगळ्यांच्या आधी सुटला, हा डाग त्याला आयुष्यभर पुसता आला नाही. चौकशी समितीने त्याच्यावर ठपका ठेवला. १९७८ साली, त्र्याण्णवाव्या वर्षी तो वारला. तोवर तो स्वतःची बाजू लिहीतच होता.

आता काम. न्यु-ऑलेसुंडहून पुढे त्याच खाडीत एका सपाट किनाऱ्यावर घोटाभर ताजं बर्फ पडलेलं होतं. जहाजावरचा दोर घेतला, गाठी मारून १०६ मीटर मोजले. मधली रुंदी साडेएकोणीस. दोन टोकांना दोन माणसं उभी केली आणि मी टाचेला चवडा लावून चालायला सुरुवात केली. कडेचा घेर साधारण २२० मीटर. माझ्या बुटाने सातशेदहा पावलं व्हायला हवी होती. सहाशेच्या पुढे मोजणी चुकली, कारण एक सील डोकं वर काढून बघायला आला. त्यामुळे शेपटीकडे आकार नीट जुळला नाही. जहाजाच्या डोलकाठीवर चढून खलाशाने फोटो काढला. तोच मी ग्रुपवर टाकला होता, आणि त्याखाली पहिली प्रतिक्रिया आली, 'मॅडम, कारलं झकास आलंय.'

मग पंधरा जणांना आत बोलावलं, मी सोळावी. सांगितलं की पाठीवर झोपा आणि वर बघा. तुमच्यावर १०६ मीटरचं जहाज आहे असं समजा. त्याची कड कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होतं ते डोळ्यांनी आखा. एवढंच. एक कॅनेडियन आजी म्हणाल्या, मला काहीच दिसत नाही. दुसरा म्हणाला, मला इंजिन ऐकू येतंय, ते आमच्या जहाजाचं जनरेटर होतं. पंधरा मिनिटांत सगळे गारठले आणि उठले. संध्याकाळी वारा सुटला. सकाळी डेकवरून बघितलं तर किनारा कोरा. मार्गदर्शक बाई खूश झाल्या, नियम तंतोतंत पाळला म्हणून.

इथवरचं मी पुण्यात, मुंबईत, दोन-तीन ठिकाणी सांगितलं आहे. इथे पुढचंही सांगायला हवं.

न्यु-ऑलेसुंडला त्या दुपारी आम्ही जर्मन-फ्रेंच केंद्राजवळून चाललो होतो. तिथे रोज हवामानाचा फुगा सोडतात. एक तरुण दोन्ही हातांत तो पांढरा फुगा धरून उभा होता. सगळे कौतुकाने थांबले. त्याने हात सोडले. फुगा वर गेला, आणि माझ्या पोटात एकदम खड्डा पडला. वय वर्षं बावन्न, बरोबर जगभरचे कलावंत, आणि मला रडू यायला लागलं. सगळ्यांना वाटलं थंडीमुळे डोळ्यांत पाणी आलं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना नववीतलं विज्ञान प्रदर्शन आठवत असेल. पतंगाच्या कागदाच्या बारा पाकळ्या, गव्हाच्या पिठाची खळ, खाली कामटीची रिंग आणि रॉकेलमध्ये भिजवलेला बोळा. तो फुगा मी आणि वर्गातल्या एका मुलाने बनवला होता. सर, तुम्ही बजावून सांगितलं होतं की दोरा बांधूनच सोडायचा, पाण्याच्या टाकीच्या वर जाऊ द्यायचा नाही. प्रदर्शनात तो तसाच सोडला, टाळ्या मिळाल्या. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी हट्ट धरला, पुन्हा एकदा. बोळाही मोठा केला. रीळ त्याच्या हातात होतं. रिंगजवळ मी होते.

फुगा सुटला आणि गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या कडब्याच्या गंजीवर उतरला. गंजी जळाली. पुढचं तुम्ही पाहिलं आहे. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी त्याला पुढे बोलावलं, दोरा हातातून का सोडलास म्हणून छड्या बसल्या. त्याच्या वडिलांनी कडब्याची भरपाई दिली, आणि ती द्यायला दावणीची म्हैस विकली. त्याला शाळेतून काढून कामाला घातलं. तो एक वर्ष मागे पडला. म्हणून आपल्या दहावीच्या ग्रुप फोटोत तो नाही, म्हणून आपल्या ग्रुपवर नाही, आणि म्हणून या मेळाव्याच्या यादीतही त्याचं नाव नव्हतं. मला कोणी काही विचारलंच नाही. मुलगी असं काही करेल हे कोणाच्या मनातही आलं नाही. आणि मीही बोलले नाही.

दोरा त्याच्या हातातून सुटला नव्हता. मी कापला होता. पेन्सिलीला टोक करायचं ब्लेड माझ्या कंपासपेटीत होतं. फुगा किती उंच जातो ते मला बघायचं होतं.

गेल्या महिन्यात त्याच्या घरी गेले. पस्तीस वर्षांनी. रानातच घर बांधलंय, सून चहा घेऊन आली. मी वाटेत पाठ केलेलं सगळं विसरून एका दमात सांगून टाकलं. तो ऐकत होता. बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, "मला म्हाईत होतं की. टोक माझ्या हातात राहिलं होतं. जळालेलं न्हवतं, कापल्यालं होतं."

मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "सांगून काय, गंजी परत येणार होती व्हय?" थोड्या वेळाने म्हणाला, "तू तर पळून गेलीस. तू कुठं बघितलास त्यो कसा उतरला?"

खरं होतं. फुगा टाकीच्या वर गेला आणि मी घाबरून घराकडे पळाले. तो फुग्यामागे पळाला होता. मी ज्याच्यासाठी दोरा कापला, ते मी पाहिलंच नाही. त्याने मला सांगितलं. टाकीपलीकडे गेल्यावर फुगा बराच वेळ एका जागी थांबला होता. मावळतीचं ऊन त्याच्यावर खालून पडत होतं आणि बारा पाकळ्यांचे रंग वेगवेगळे दिसत होते. मग वारा पडला आणि तो अगदी सावकाश खाली आला, खुडूक कोंबडी बसते तसा गंजीवर बसला. "आग तर मागनं लागली," तो म्हणाला. "आधी लई वेळ नुसता बसला होता."

अमुंडसेन आणि नोबिले यांच्यात बरोबर कोण, हे मला कॉलेजातल्या मुलांपुढे बोलताना नेहमी विचारतात. मी वर्षानुवर्षं अमुंडसेनची बाजू घेत आले, कारण तो शोधायला गेला आणि परत आला नाही, हे सांगायला फार छान वाटतं. त्या बोळक्या फुग्यानंतर मी नोबिलेबद्दल जरा सावकाश बोलते. जागा एकच होती, तो बसला. मलाही कोणी खाली उतर म्हटलं नव्हतं.

तो आज आला आहे. मागच्या दारापाशी उभा आहे, खुर्ची दिली तरी बसत नाही. संयोजकांना माझी विनंती आहे की स्मरणिकेतल्या बॅचच्या यादीत त्याचं नाव घालावं. दहावीचं वर्ष काय लिहायचं ते त्याला विचारा.

आता उद्याचं. बर्फावरचं जहाज एका रात्रीत गेलं, म्हणून मला ते एकदा आपल्या ग्राउंडवर, फक्कीने आखायचं आहे. कबड्डीच्या रेघा मारतात तसं. पूर्ण आकारात, १०६ मीटर. टेप त्याच्याकडे आहे, त्याने काल येऊन मोजणी केली. पूर्व-पश्चिम ग्राउंड भरतं ९२ मीटर. म्हणजे चौदा मीटर नाक तारेच्या कुंपणापलीकडे उसात जातंय. ऊस नुकताच तुटलाय, खोडव्याला अजून पाणी दिलेलं नाही, मालकाने परवानगी दिली आहे, फक्त फक्की सरीत टाकू नका म्हणाले. तिथे पावलांनी आखू.

सोळा माणसं हवीत. माझ्याकडे अकरा नावं आली आहेत. त्यात दोघांना गुडघ्याचा त्रास आहे, त्यांना पाठीवर झोपायला सतरंजी देऊ. टिटिनाच्या जागी शिपाईमामांचं कुत्रं येईल, त्याला विचारलेलं नाही. दोरा तो धरणार आहे, आणि मोजणी या वेळी मी करणार नाही.

सकाळी सात वाजता. आठनंतर ऊन लागतं. चपला जुन्या घालून या.